रेडीमेड पफचं पीठ आणलं, गोड त्रिकोण केले आणि ट्रेमधे तेलाचं तळं झालं, असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी 24 लिटरचा ओटीजी (विजेवरचा छोटा ओव्हन), सुपरमार्केटमधून फ्रोजन पफ पेस्ट्रीचं पाकीट आणलं, सफरचंदाचं सारण भरून त्रिकोण केले, तर वरून काळे, आतून लगदा, खालून पांढरे आणि ट्रेमधे तेल. पीठच खराब होतं का, की सरळ घरी पीठ करायला शिकावं, आणि मुलीच्या वाढदिवसाला पंधरा-वीस मुलांना पुरेल असं सोपं गोड काय करता येईल.

माझी कराडजवळ छोटी बेकरी आहे, खारी, पॅटीस, क्रीमरोल हाच रोजचा धंदा, आणि हल्ली बरीच गिऱ्हाइकं कच्चं पीठच किलोवर मागायला येतात आणि दोन दिवसांनी बरोब्बर हीच तक्रार घेऊन परत येतात. त्यामुळे आधीच सांगतो, पीठ खराब असण्याची शक्यता फार कमी आहे. आणि घरी शिकायच्या फंदात तर आत्ता पडूच नका, वाढदिवस तोंडावर असताना तर नाहीच. रेडीमेड पीठ घेतलं म्हणजे सगळ्यात किचकट काम कुणीतरी करून दिलेलं असतं, तुमच्याकडे राहतात तीन गोष्टी: ते ओव्हनमधे जाईपर्यंत गार ठेवणं, ओव्हन खरोखर तापवणं आणि आत ओलं काही न भरणं. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं तिन्हीकडे थोडं थोडं गंडलंय.

आधी पीठ फुगतं कसं ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. चिरोट्यात पोळ्यांच्या मधे साटा लावतो, म्हणून थर एकमेकांना चिकटत नाहीत, इथे साट्याच्या जागी बटर किंवा मार्जरिन (वनस्पती तेलाचं बटरसारखं स्निग्ध) असतं. फ्रेंच पद्धतीत तीन पदरी घडी सहा वेळा घालतात, म्हणजे स्निग्धाचे 729 थर होतात. आम्ही बेकरीवाले एवढ्या घड्या घालत बसत नाही, पण तत्त्व तेच. ओव्हनमधे गेल्यावर मैद्याच्या थरातल्या पाण्याची वाफ होते, पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि मधे स्निग्धाचा थर असल्यामुळे ती वाफ थरातून पळून न जाता प्रत्येक थर वर उचलते. यात यीस्ट नाही, बेकिंग पावडर नाही, फक्त वाफ. म्हणजे वाफ एकदम आणि जोरात व्हायला पाहिजे. ओव्हन कोमट असेल तर वाफ व्हायच्या आत स्निग्ध वितळतं, मैद्याचा थर अजून कच्चा असतो, तो काही धरून ठेवू शकत नाही, आणि सगळं तूप खाली ट्रेमधे. तुमचं तळं तिथून आलं.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो, कारण सगळ्यांना एकच आकडा देऊन चालत नाही. पाकिटावर मागे घटक वाचा. बटरवालं पीठ असेल तर बटर 32-35 अंशाला वितळतं, आणि एप्रिलमधे आपल्या स्वयंपाकघरात गॅस चालू असताना ओट्याजवळ तेवढं तापमान सहज असतं, म्हणजे पीठ ओव्हन न बघताच वितळायला लागतं. मार्जरिनवालं असेल तर ते 40 च्या वर वितळतं, हाताळायला सोपं, उन्हाळ्यात माझ्यासारख्याला तेच परवडतं. पण त्याचा तोटा खाताना कळतो. आपल्या अंगाचं तापमान 37, त्यामुळे ते तोंडात नीट विरघळत नाही, गार झालेलं पॅटीस खाल्ल्यावर टाळूला मेणासारखं चिकटतं ना, ते तेच. म्हणून मार्जरिनवाल्या पिठाचं जे कराल ते गरम-कोमट द्या. डिसेंबरात करताय की मे महिन्यात, फ्रीज रिकामा आहे की दुधाच्या पातेल्यांनी भरलेला, याने फरक पडतोच.

पाकिटावर बहुतेक वेळा 30-40 मिनिटं बाहेर ठेवा असं लिहिलेलं असतं, पण हा सल्ला ज्या गार हवेत लिहिला गेला तिथला. आपल्याकडे रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवा, सकाळी वापरा. विसरलात तर बाहेर पंधरा मिनिटं आणि सतत बघत राहायचं. पीठ कधी तयार झालं ते ओळखायची खूण म्हणजे शीट हातात धरून वाकवली की ती वाकली पाहिजे, मोडली नाही पाहिजे, आणि बोट दाबलं तर ठसा उमटला पाहिजे पण बोटाला तूप लागता कामा नये. बोट चकाकलं की थांबा, परत दहा मिनिटं फ्रीजमधे. यात लाजायचं काही नाही, आम्ही रोज करतो. मधेच पाहुणे आले, फोन आला, काहीही झालं तरी पीठ ओट्यावर सोडून जायचं नाही, आधी फ्रीजमधे टाकायचं मग दार उघडायला जायचं.

कापायची सुरी धारदार घ्या आणि सरळ वरून खाली दाबून कापा, करवतीसारखी मागेपुढे ओढू नका. ओढलं की कडेचे थर एकमेकांत दाबले जातात आणि ती बाजू फुगत नाही, मग पॅटीस एका अंगाने कलंडतं. हीच गोष्ट वरून दूध किंवा अंडं लावताना. ब्रशने फक्त वरच्या भागाला लावायचं, कापलेल्या कडेवरून ओघळ गेला की ते डिंकासारखं काम करतं आणि थर तिथेच जखडतात. अंडं चालत नसेल तर दुधात थोडी साय फेटून लावा, रंग चांगला येतो, अंड्याइतकी चकाकी नाही येत पण घरच्या कार्यक्रमाला कोण बघतंय.

कातरण उरलं तर ते गोळा करून मळू नका. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी प्रत्येकजण पोळीच्या कणकेसारखं मळतोच. मळलं की थर संपले, मग ते मैद्याचं तुपकट बिस्कीट होतं. कातरणाच्या पट्ट्या एकावर एक रचा, हलकं लाटणं फिरवा, साखर आणि दालचिनी भुरभुरा, काड्या कापून पीळ देऊन भाजा. मुलांना त्याच जास्त आवडतात हा माझा अनुभव आहे.

आता ओव्हन. खरं दुखणं इथेच आहे. ओटीजीच्या बटणावर 200 लिहिलंय म्हणून आत 200 असतं असं नाही, वीस-तीस अंश इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं. ओव्हनमधे ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या, बेकिंगची पुस्तकं आणि साचे नंतर घ्या. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असंही समजू नका, त्यावेळी फक्त थर्मोस्टॅटजवळची हवा तापलेली असते, भिंती आणि ट्रे गारच असतात. वरची-खालची दोन्ही रॉड चालू ठेवून निदान पंधरा-वीस मिनिटं तापवा. मोठ्या ओव्हनवाल्या रेसिपीत मधल्या कप्प्यात ठेवा असं असतं, पण 24 लिटरमधे मधला कप्पा म्हणजे वरच्या रॉडच्या अगदी जवळ, फुगलेलं पफ त्या रॉडच्या आणखी जवळ जातं आणि वरून काळं होतं, खालून पांढरं राहतं. तुमचं नेमकं तेच झालं. म्हणून खालचा कप्पा. आणि ओव्हन तापवताना एक रिकामा ट्रे आतच ठेवा, पफ बटर पेपरवर मांडून तयार ठेवायचं आणि तो पेपर उचलून तापलेल्या ट्रेवर सरकवायचा, खालची बाजू लगेच शेकायला लागते. बटर पेपर बेकिंगचाच घ्या, डबे बांधायचा पातळ स्वस्त पेपर चिकटतो आणि धूरही करतो.

तापमान सुरुवातीला 210, पंधरा मिनिटांनी 190, असं मी घरच्या ओव्हनसाठी सांगतो. पहिली बारा-पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही, मुलं कितीही आत बघायला आली तरी. तेवढ्या वेळात पफ वर येत असतं आणि अजून पक्कं झालेलं नसतं, दार उघडलं की गरम हवा बाहेर आणि पफ खाली बसलं. वरचा रंग बघून बाहेर काढायची घाई करू नका, एक उचलून खाली बघा, खालची बाजू बिस्किटासारखी तपकिरी आणि वाजवल्यावर पोकळ आवाज येत असेल तर झालं. वरून गडद होत असेल आणि खालून राहिलं असेल तर वर फॉइलचा तुकडा सैल टाका आणि अजून सात-आठ मिनिटं द्या. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर चालतो, पण काहींचं कमाल तापमान 200 च असतं, तिथे ट्रे कमी भरा आणि वेळ वाढवा. एअर फ्रायरमधे 180 वर छोटे तुकडे छान होतात, फक्त पंख्याच्या वाऱ्याने हलके तुकडे उडतात, वर जाळी ठेवा.

सारणाचं सांगतो, कारण सफरचंदाने तुम्हाला दगा दिला तो त्याच्या पाण्यामुळे. कच्चं सफरचंद चिरून साखर लावून भरलं की साखर त्यातलं पाणी ओढून काढते, ते पाणी पिठात उतरतं आणि आतला थर शिजायच्या ऐवजी उकडतो. सफरचंद आधी परतायचं. दोन मध्यम सफरचंदांना चमचाभर तूप, तीन चमचे साखर, लिंबू, चिमूट मीठ, जायफळ किंवा दालचिनी, आणि कढईत पाणी आटून फोडी एकमेकांना चिकटायला लागेपर्यंत. मग चमचाभर कॉर्नफ्लॉवर थोड्या पाण्यात कालवून घाला, मिनिटभर शिजवा. आणि पूर्ण गार. कोमटसुद्धा नाही, कारण कोमट सारण आतून तूप वितळवतं. तरी भीती वाटत असेल तर सारणाखाली टोस्टचा चुरा चमचाभर पसरा, ओल तो पितो.

आपल्या घरात जे कोरडं गोड आधीच होतं ते यात सगळ्यात सोपं जातं हे लोकांच्या लक्षात येत नाही. पुरण, खवा, गुलकंद घातलेला खवा, खजुराचा लगदा, हे सगळं सरळ भरता येतं. उकडीच्या मोदकाचं नारळ-गुळाचं सारण मात्र जपून, गूळ तापला की पातळ होतो आणि शिवणीतून बाहेर येऊन ट्रेवर करपतो, त्यात थोडी खसखस आणि रवा भाजून घाला आणि जरा जास्तच कोरडं करा. आमरस भरायचा हट्ट करू नका. आंबा हवाच असेल तर आटवलेला, म्हणजे आंब्याचा मावा, किंवा मग खाली सांगतो तसं भाजून झाल्यावर.

वाढदिवसाचं म्हणाल तर मी सांगेन साखरेचे हार्ट करा. दुकानात बिस्किटाच्या पुड्यात हार्टच्या आकाराची साखर लावलेली बिस्किटं मिळतात ना, लिटल हार्ट्स, त्याचा मोठा भाऊ समजा, फ्रान्समधे याला पाल्मिए म्हणतात. सारण नाही, त्यामुळे ओल नाही, फुटायचं काही नाही, आणि मुलं बघितल्याबरोबर हात घालतात. ओट्यावर पिठाच्या ऐवजी साखर पसरा, साधारण पाव वाटी, त्यावर शीट, वरून अजून पाव वाटी, लाटणं हलकं फिरवून साखर पिठात रुतवा. हवी तर वेलची. मग दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत घट्ट गुंडाळत या, दोन गुंडाळ्या मधे भेटल्या की हलकं दाबा. आता अर्धा तास फ्रीझरमधे, हा अर्धा तास गाळू नका, मऊ गुंडाळी कापली की हार्टचा चपटा जिलबीसारखा काहीतरी आकार होतो. घट्ट झाल्यावर एक सेंटीमीटर जाडीच्या चकत्या, दोन्ही बाजू परत साखरेत बुडवून ट्रेवर आडव्या. मधे दोन बोटं जागा सोडा कारण हे वर नाही, आडवे फुगतात. 200 वर दहा-बारा मिनिटं, खालची साखर सोनेरी झाली की उलटा, अजून पाच-सहा मिनिटं. इथे मात्र जवळ उभं राहायचं, साखर सोनेरीपासून कडूपर्यंत फार पटकन जाते. उलटताना चिमटा वापरा, वितळलेली साखर तेलापेक्षा वाईट भाजते आणि मुलांना त्यावेळी किचनमधे येऊ देऊ नका. आणखी एक, साखर लावून ठेवून दिलं की ती पिठातली ओल ओढून पाक सोडते, त्यामुळे साखरेत बुडवणं हे ओव्हन तापल्यावरच. 25 बाय 25 सेंटीमीटरच्या एका शीटमधून साधारण वीस-बावीस निघतात, दोन शीट घेतल्यात तर आईवडिलांनाही पुरतील.

दुसरा एक प्रकार पाहुण्यांसमोर भारी दिसतो आणि त्यात काहीच बिघडत नाही. दहा सेंटीमीटरचे चौकोन कापा, कडेपासून बोटभर आत सुरीच्या टोकाने अर्ध्या खोलीपर्यंत चौकट आखा, आरपार नाही, आणि चौकटीच्या आतल्या भागाला काट्याने भोकं पाडा. भोकांतून वाफ निघून जाते म्हणून मधला भाग कमी फुगतो, कड उभी राहते. रिकामेच भाजा, पूर्ण गार करा, मधला भाग बोटाने दाबून खड्डा करा आणि वाढायच्या वेळी त्यात श्रीखंड घाला, घट्ट, चमच्यावर उभं राहील असं, वर आंब्याच्या फोडी किंवा डाळिंब. गार श्रीखंड आणि खुसखुशीत पफ हे एकत्र छान लागतं. फक्त भरून ठेवायचं नाही, अर्ध्या तासात मऊ पडतं. क्रीमरोलचंही तेच, नळीला पट्टी गुंडाळताना नळीची कड मोकळी सोडा, नाहीतर निघताना रोल तुटतो, आणि क्रीम आयत्या वेळी.

तुमच्या गावात फ्रोजन पफ मिळत नसेल तर जवळच्या बेकरीत सकाळी लवकर जाऊन कच्चं पफ द्याल का विचारा. बहुतेक ठिकाणी खारी आणि पॅटीस एकाच पिठातून निघतात आणि ओळखीच्या माणसाला देतात. त्यात मीठ असतं, गोडात ते उलट बरंच लागतं. पूर्वी दिवाळीत रवा-मैदा-तूप घेऊन लोक नानकटाई भाजून घ्यायला बेकरीत यायचे, आता पीठ आमचं आणि भट्टी तुमची.

तेही जमत नसेल तर फ्रोजन लच्छा किंवा मलबार पराठा. लोक हसतात पण मैद्याचा थरांचा पराठा हाही शेवटी थर आणि स्निग्धच आहे. पाकीट बघून कच्चावाला घ्या, अर्धा शेकलेला नको, तो फुगत नाही. पाच मिनिटं बाहेर ठेवून त्यावर बटर, गूळ पावडर आणि दालचिनी, गुंडाळी करून चार तुकडे, स्टीलच्या तूप लावलेल्या वाटीत उभे ठेवून 200 वर वीस-पंचवीस मिनिटं. पफइतकं उंच येत नाही, जरा चिवटही असतं, पण गरम असताना कुणी तक्रार करत नाही. समोसा पट्टीचं वेगळं, ती मुख्यतः मैदा आणि पाणी, तिच्यात स्निग्धाचे थर नाहीत, त्यामुळे ती फुगणार नाही, प्रत्येक पट्टीला तूप लावून सुक्यामेव्याचे रोल करायला ठीक.

परदेशातल्यांसाठी एवढंच, अमेरिकेत पेपरिज फार्मच्या पाकिटात दोन शीट येतात, ती 400 फॅरेनहाइटवर भाजायची आणि ती बटरची नसतात. डब्यात दाबून भरलेलं क्रेसेंट रोलचं पीठ मिळतं ते पफ नव्हे, त्यात फुगवायला बेकिंग पावडरसारखं असतं, ते 375 वर आणि मऊच होणार, त्याच्याकडून थरांची अपेक्षा नको. इंग्लंडमधे जस-रोलचं लाटलेलं शीट मिळतं, त्यात ऑल बटर लिहिलेलं घ्या, तिथल्या थंडीत ते हाताळायला काहीच त्रास नाही.

आता तुमचा वाढदिवसाचा बेत कसा लावायचा. सगळं आदल्या दिवशी करून ठेवा पण भाजू नका. हार्टची गुंडाळी प्लॅस्टिकमधे गुंडाळून फ्रीझरमधे, सफरचंदाचे त्रिकोण करायचेच असतील तर चौकोनात मोठा चमचाभरच सारण, कडा पाण्याने चिकटवून काट्याने दाबून, वर दोन चिरा वाफेला, आणि ट्रेवर सुटे गोठवून मग डब्यात. दुसऱ्या दिवशी त्रिकोण न वितळवता सरळ गरम ओव्हनमधे, नेहमीपेक्षा चार-पाच मिनिटं जास्त. उलट असेच जास्त चांगले फुगतात. पण तूप वितळण्याइतकं मऊ पडलेलं शीट परत गोठवू नका, थर एकमेकांत मुरतात. लोडशेडिंग असेल तर त्या दिवशी फ्रीझर उगाच उघडू नका आणि भाजायची वेळ आधी बघून ठेवा. ट्रे एका वेळी एकच, दोन ट्रे एकावर एक लावले की 24 लिटरमधे खालचा कच्चाच राहणार.

त्याच्या आधी चार तुकडे नुसते, सारणाशिवाय भाजून बघा, तुमच्या ओव्हनची चाल कळेल. तरी बिघडलं तर इथे फोटो टाका, पण उलटा करून खालच्या बाजूचा टाका, वरच्या बाजूवरून मला काहीच सांगता येणार नाही.